क्लास टूचे मोजे, माझ्या पोटऱ्या आणि चार महिने

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन, आणि राहिलेले दीड कुठे गेले ते पुढे येईलच. वस्तू म्हणजे गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन मोजे, व्हेरिकोज व्हेन्सवाले (म्हणजे पायाच्या शिरा फुगून गाठी झालेले) घालतात ते, स्किन कलर, पुढून बोटं उघडी. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पहिल्या दुकानात माझं भांडण झालंय आणि मला त्यात कंपनीला ओढायचं नाही, शिवाय ब्रँडपेक्षा माप महत्त्वाचं हे ज्ञान मला दीड हजार रुपये पाण्यात घालून मिळालंय.

मी सांगलीकडे एका ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, बावीस वर्षं, म्हणजे बावीस वर्षं उभी आहे असं समजा. पायावर निळ्या गाठी दिसायला लागून पाच-सहा वर्षं झाली असतील, पण साडीखाली कोण बघतंय म्हणून चालढकल चाललेली. मग फेब्रुवारीत बारावी बोर्डाचं सुपरव्हिजन आलं. तीन तास. वर्गात खुर्ची असते पण बसायची हिंमत नाही, भरारी पथक कधी दारात येईल सांगता येत नाही, त्यात त्या दिवशी संकष्टी, सकाळपासून पोटात एक कप चहा आणि दोन शेंगदाण्याचे लाडू, वर पत्रा तापलेला. दीड तासाने खिडकीजवळ भिंतीला टेकून अजिबात न हलता उभी होते (मुलं लिहिताना उगाच चपला वाजवत फिरू नये अशी माझी शिस्त), कानात गुंऽऽ व्हायला लागलं, पोरांची डोकी पिवळी दिसायला लागली, आणि त्यानंतरचं आठवतं ते थेट गार फरशी. आमच्या शिपाईमामांनी कुठे शिकले होते देव जाणे, मला उठवून बसवलं नाही, तसंच आडवं ठेवून पाय उचलून खुर्चीवर ठेवले आणि दोन मिनिटांत मी भानावर. "मॅडम, बाप्पा रागावत नाही, पाणी तरी पीत जावा," एवढंच म्हणाले.

आता गंमत बघा. आदल्याच महिन्यात मी अकरावीच्या फळ्यावर लिहिलं होतं की मिनिटाला ७२ ठोके गुणिले ठोक्याला ७० मिली म्हणजे ५०४० मिली, म्हणजे हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त फेकतं, आपल्या अंगात जवळपास तेवढंच असतं. दरवर्षी लिहिते. पण हे ५ लिटर हृदयाकडे परत येतं कुठून आणि कसं, हे मीही पेपरात विचारत नाही म्हणून शिकवतही नव्हते. फरशीवर पडल्यावर डोक्यात शिरलं की माझ्या हृदयाला काही झालंच नव्हतं, ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, बिचारं धडधडत होतं, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. उभं राहिलं की अर्धा लिटर तरी रक्त खाली पायात आणि पोटाच्या शिरांत (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या नळ्या) जाऊन बसतं. अंगातलं साठेक टक्के रक्त कायम शिरांमध्येच असतं, त्या पातळ, मऊ, रबरी फुग्यासारख्या ताणतात, म्हणजे ही आपली गच्चीवरची टाकी, आणि त्या दिवशी माझी टाकी आधीच उपासाने अर्धी, उरलेलं पायात.

मुलगी मिरजेला फिजिओथेरपी शिकते, तिने धरून सर्जनकडे नेलं. डॉप्लर (शिरांतलं रक्त कुठे वाहतंय ते बघायची सोनोग्राफी) झाला, तो उभ्यानेच करतात हे मला नवीन. पोटरीवर गार जेल, डॉक्टर पोटरी दाबतात, मशीनमधून वारं सुटल्यासारखा आवाज येतो म्हणजे रक्त वर गेलं, हात सोडला की आवाज बंद व्हायला पाहिजे कारण शिरांतल्या झडपा मिटतात आणि रक्त परत खाली येऊ देत नाहीत. माझा बंद होईना. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ रक्त उलटं वाहिलं की झडप गळतेय म्हणायचं, माझ्या डाव्या पायात ते चांगलं दोन-अडीच सेकंद सूं करत खाली येत होतं, दाराला ओलीमुळे फुगवटा येऊन ते पूर्ण लागत नाही ना तसं. ऑपरेशनची घाई नाही म्हणाले, मोजे घाला, चाला, वजन बघा.

आता दुकान. पहिल्या दुकानात संध्याकाळी सहाला गेले, दिवसभर उभं राहून पाय खांबासारखे झालेले, आणि काउंटरवरच्या मुलाने काय विचारावं, "मॅडम, चपलेचा नंबर किती?" पाच म्हटलं, त्याने मिडियम काढून दिला. मलाही अक्कल नव्हती. घरी घातले तर घोट्याला ढिले आणि गुडघ्याखाली लांबीला जास्त, मग मी काय केलं तर वरचं टोक दुमडलं, आणि तिथेच चुकलं. दुमडलं की तिथे दोन पदर येतात, दाब दुप्पट, म्हणजे खाली सैल आणि वर आवळलेलं, नाडीच बांधल्यासारखी, रक्त वर जायच्या ऐवजी खालीच अडकतं. संध्याकाळी गुडघ्याखाली लाल वळ आणि पाऊल रोजच्यापेक्षा जास्त सुजलेलं. परत द्यायला गेले तर पाटीकडे बोट दाखवलं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी म्हटलं अहो पण माप तुम्ही घेतलं नाहीत, तर म्हणे तुम्ही सांगितलं नाहीत. त्यापुढचं संभाषण इथे लिहिण्यासारखं नाही.

लेकीने ऐकलं आणि आधी माझीच शाळा घेतली. "आई, तू बायोलॉजीची मॅडम ना? सकाळी उठल्याउठल्या, पाय खाली टेकवायच्या आधी माप घ्यायचं असतं." शिंप्याच्या टेपने तीन मापं, घोट्याच्या वर जिथे पाय सगळ्यात बारीक असतो तिथे, पोटरीला जिथे सगळ्यात जाड तिथे, आणि टाचेपासून गुडघ्याच्या वाटीखालपर्यंत लांबी, दोन्ही पायांची वेगवेगळी. माझ्या डाव्या-उजव्यात घोट्याला एक सेंटीमीटर फरक निघाला. ही मापं चिठ्ठीवर लिहून दुसऱ्या दुकानात गेलो, तिथल्या बाईंनी डब्यामागच्या तक्त्यावर बोट फिरवून स्मॉल काढला आणि वर स्वतः घालून दाखवला, चोवीसशे रुपये, पण गेले ते सत्कारणी.

अजून एक घोळ लक्षात ठेवा, मोजा किती आवळतो ते 'क्लास'ने सांगतात, पण 'क्लास टू' हे सगळीकडे एक नाही. जर्मन पद्धतीने क्लास टू म्हणजे घोट्याला २३ ते ३२ मिलिमीटर दाब (बीपीच्या मशीनवर पाऱ्याचं माप असतं तेच), ब्रिटिश पद्धतीत क्लास टू म्हणजे १८ ते २४, आणि अमेरिकन डब्यांवर क्लास न लिहिता सरळ २०-३० असे आकडे. आपल्याकडे तिन्ही प्रकारचे डबे एकाच फळीवर. म्हणून चिठ्ठीवर डॉक्टरांकडून आकडा लिहून घ्या आणि डब्यावरचा आकडा बघूनच पैसे द्या.

आणि हा दाब घोट्याला सगळ्यात जास्त, वर जाता जाता कमी, हीच त्यातली मेख आहे. हे सुचलं कुणाला तर अमेरिकेतल्या टोलेडोच्या एका इंजिनियरला, कॉनरॅड जोब्स्ट, त्याला स्वतःला पायाच्या शिरांचा त्रास होता आणि स्विमिंग पूलमध्ये उभं राहिलं की पाय हलके वाटायचे, त्याच्या लक्षात आलं की पाणी जितकं खोल तितका दाब जास्त, म्हणजे तळाशी घोट्याला सगळ्यात जास्त आणि वर कमी, मग हेच कापडात का नको. १९५० च्या आसपासची गोष्ट. डॉक्टर नव्हता, पायाचा पेशंट होता, म्हणून सुचलं असं माझं मत.

आता डब्यावर काय लिहिलंय ते सांगते कारण अर्धा स्टार तिथे कापलाय. डब्यावर हसऱ्या बाईचा फोटो आणि 'हृदयाला ताकद देते' असली ओळ. नाही हो. मोजा हृदयाला काहीही देत नाही. मोजा फक्त शिरा बाहेरून दाबून त्यांचं तोंड लहान करतो म्हणजे त्यात कमी रक्त साठतं, झडपांची लांब गेलेली पाती जरा जवळ येतात, आणि पोटरी आवळली की रक्त बाजूला न फुगता वर जातं. पुढचं काम हृदय आपलं आपण करतं. म्युनिकमध्ये ओटो फ्रँकने बेडकाच्या हृदयावर १८९५ मध्ये आणि लंडनमध्ये स्टार्लिंगने कुत्र्याच्या हृदयावर १९१४ मध्ये हेच दाखवलं, स्टार्लिंगचा थाट तर बघण्यासारखा, हृदय आणि फुप्फुसं तेवढी चालू ठेवून बाहेरच्या टाकीतून येणारं रक्त कमीजास्त करायचा, जास्त आलं की हृदय जास्त ताणायचं आणि पुढचा ठोका आपोआप जोरात, कमी आलं की कमी. मेंदूकडून येणारे मज्जातंतू तोडलेले असूनसुद्धा. म्हणजे हृदय हा हमाल आहे, दारात जेवढा माल येईल तेवढा उचलून पुढच्या दारातून बाहेर टाकणार.

मग मालक कोण? मला हे वाचताना सगळ्यात मजा आली. एसटी पकडायला पळालो की मांडीच्या स्नायूंना ऑक्सिजन कमी पडतो, ते आपल्या बारक्या धमन्या उघडतात, तिथून जास्त रक्त वाहतं, तेच शिरांतून जास्त परत येतं, बरोबरीने मेंदू शिरांना आवळायला सांगतो म्हणजे टाकीतलं साठवलेलं वर चढतं, ठोकेही वाढतात, आणि ५ चे २० लिटरही होतात. मागणी स्नायूंची, पुरवठा शिरांचा. रक्तक्षय झाला, थायरॉइड वाढला तरी हृदयाचं काम वाढतं ते याच वाटेने.

बरं मोटर मोठी लावून भागतं का? आमच्या बागेतली मऊ प्लास्टिकची पाइप आहे, नळाला प्रेशर नसताना मोटर लावली की ती चपटी होते, पाणी शून्य. शिरांचंही तेच, हृदयाने ओढायचा प्रयत्न केला तर छातीत शिरताना शिरा चपट्या होतात. अमेरिकेत मिसिसिपीला आर्थर गायटन म्हणून होते (सर्जन होणार होते, १९४६ मध्ये पोलिओ झाला आणि फिजिओलॉजीकडे वळले, एमबीबीएसवाल्यांना नाव पाठ असतं), त्यांनी मोजलं की सगळं रक्त थांबवून दाब सारखा होऊ दिला तर शरीरभर उरतो फक्त ७ मिलिमीटरच्या आसपास, आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात, जिथे हे रक्त परत शिरतं, असतो जवळपास शून्य. या सातच्या उतारावर मिनिटाला ५ लिटर रक्त घरी परत येतं. बीपीचे १२०-८० घेऊन आपण बसलोय आणि खरा संसार सातावर चाललाय! घाम गेला, उपास केला, रक्त पायात साठलं की सातचे सहा-पाच होतात आणि लगेच परतीचं रक्त कमी. उलट कमजोर हृदयात माल साचून उजव्या कप्प्यातला दाब वाढला तरी उतार कमी होतो, ते वेगळं दुखणं. निरोगी हृदयाला आराम असतानाही आलेल्याच्या अडीचपट उपसायची ऐपत असते, आलं तर.

असो, मोज्यांकडे येते. घालणं हा खरा व्यायाम. पहिल्या दिवशी एका पायाला अकरा मिनिटं लागली, घाम फुटला आणि अहो दारातून बघत होते, "जोर लाव, जोर लाव," मदत शून्य. युक्ती अशी की मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पावलाचा भाग आधी नीट बसवायचा, टाच टाचेतच आली पाहिजे, मग थोडा थोडा वर, वरचं टोक धरून ओढायचं नाही, हाताला भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून तळव्याने चोळत वर न्यायचा. बोटं उघडी असल्यामुळे आधी पावलावर प्लास्टिकची पिशवी घालायची, मोजा त्यावरून सरकतो, मग पुढून पिशवी ओढून काढायची. आता दोन्ही पाय मिळून चार मिनिटं. पाय ओला असेल तर नाद सोडा, आधी कोरडा करून जरा पावडर लावा.

आपल्या बायकांचे दोन शत्रू, जोडवी आणि पैंजण. जोडव्याच्या कडेला धागा अडकला की जाळी उसवते, माझ्या उजव्या मोज्याची जाळी अशीच दोन बोटांएवढी उसवलीय. बंद बोटांचा प्रकार घेऊच नका. पैंजण काढून ठेवले, सासूबाईंना पटायला आठवडा गेला. हळदीकुंकवाला चपला काढल्या की दहा जणी विचारणार, "अगंबाई, पायाला काय झालं?" आता मी सरळ झडप गळते म्हणून सांगते, मग पाचजणी आपापल्या गाठी दाखवतात.

उन्हाळ्यात हाल. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाराला ते कापड अंगाला चिकटतं, पोटरीला घामोळं आलं, एक पूर्ण स्टार तिथे कापला. आणि वाईट असं की उन्हाळ्यातच ते जास्त लागतात कारण उष्णतेने कातडीतल्या शिरा फुगतात आणि रक्त तिथेच घोटाळतं. धुवायला हाताने, साध्या साबणाने, पिळायचे नाहीत, उन्हात टाकायचे नाहीत, रात्री काढून ठेवायचे. साधारण सहा महिन्यांत रबराची ताकद जाते, म्हणजे चोवीसशेचा खर्च वर्षातून दोनदा धरा.

फरक पडला का? इथे मी जरा खोलात गेले, शिक्षकी खोड. दहा दिवस टेपने पोटरी मोजली. मोज्याशिवाय सकाळी ३५, संध्याकाळी ३७ सेंटीमीटर, मोज्यासकट सकाळी ३५, काढल्यावर संध्याकाळी साडेपस्तीस. रात्री पोटरीत गोळे यायचे ते जवळजवळ बंद. यासाठी पाचपैकी पाच. पण चक्कर? तिथे मात्र माझी निराशा झाली. झोपून नाडी ६८, उठून दहा मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहिल्यावर ९४ (परतीचं रक्त कमी पडलं की हृदय ठोके वाढवून भागवतं), मोजे घालून ८९. एका बाईचा घरगुती प्रयोग आहे, त्याला काही किंमत नाही, पण लेक म्हणाली असंच असतं, पोटाच्या शिरांमध्ये केवढं तरी रक्त साठतं आणि गुडघ्यापर्यंतचा मोजा पोटाला काय करणार, उभं राहिल्यावर चक्कर येणाऱ्यांना त्यापेक्षा पोटाचा पट्टा उपयोगी पडतो. दुकानवाले हे सांगणार नाहीत.

चक्कर गेली ती भलत्याच गोष्टीने. न हलता उभं असताना घोट्याच्या शिरेत ९० मिलिमीटरपर्यंत दाब असतो, हृदयापासून घोट्यापर्यंतचा रक्ताचा अख्खा खांब त्यावर उभा ना, आणि चालायला लागलं की पोटरी दर पावलाला शिरा पिळते आणि तो २५ च्या आसपास येतो. फुकट. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते उगाच नाही, पण पिळलेलं वर जाऊन तिथेच थांबायला झडपा धड पाहिजेत, माझ्या अर्ध्याच धड, म्हणून मोजा आणि चालणं असं दोन्ही. श्वासाचाही वाटा आहे, खोल श्वास घेतला की छातीतला दाब उतरतो आणि छाती-पोटामधला पडदा खाली पोटावर दाबतो, रक्त वर खेचलं जातं, उलट श्वास रोखून कुंथलं की परतीची वाट बंद, म्हणून कमोडवर बसून डोळ्यांपुढे अंधारी येणारे आजोबा घरोघरी असतात.

झडपांचं आता वर्गात करून दाखवते. एका सडपातळ मुलाच्या दंडाला रिबन बांधायची, फार घट्ट नाही, हाताची शीर फुगली की मध्येमध्ये गाठी दिसतात, त्या झडपा. बोटाने खालून दाबून ठेवून दुसऱ्या बोटाने रक्त वरच्या गाठीपलीकडे पुसत न्यायचं, तेवढा तुकडा चपटा राहतो, वरून परत भरत नाही, खालचं बोट उचललं की झर्रकन भरतो. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये हेच चित्र छापलं होतं. मागच्या बाकावरची पोरं बाकावर चढून बघतात.

कुणी घेऊ नयेत तेही लिहिते. पायाच्या धमन्या चोंदलेल्या असतील, चालताना पोटरी दुखून थांबावं लागत असेल, डायबेटिसने पायाची जाणीव गेली असेल, तर हा दाब पाय नासवू शकतो, आधी घोट्याचं बीपी बघून घेतात. हृदय कमजोर असणाऱ्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. आमच्या शेजारच्या काकांचे दोन्ही पाय सुजलेले, मला म्हणाले ताई तुमचे दुकान सांगा, मी म्हटलं काका तुम्ही आधी इको करा. हमाल आधीच थकलेला असताना दारात अजून पोती टाकून चालत नाही. काकांचं निघालं हृदयाचंच, गोळ्यांनी सूज उतरली.

मागच्या आठवड्यात युनिट टेस्टचं सुपरव्हिजन होतं. नाश्ता करून गेले, पाण्याची बाटली, पायात मोजे, आणि दर दोन मिनिटांनी टाचा वर, टाचा खाली, वर, खाली, वीस वेळा. पहिल्या बाकावरचा एकजण पेपर सोडून माझ्या पायांकडेच बघत बसला, शेवटी हळूच म्हणाला, "मॅडम, बाहेर कोणी येतंय का?" त्याला वाटलं मी टाचा उंचावून खिडकीतून भरारी पथक बघतेय.